मामाच्या कापलेल्या ओळी

"गान्यात मामाचं नाव नाय, तर हलद नाय!" म्हणत नवरदेवाचे मामा मांडवात मधोमध खुर्ची टाकून बसले. पनवेलजवळच्या एका गावातली हळद. स्टेजवर साहिल, आमचा रॅपर, घामाघूम. मी साउंडवाल्याच्या टेबलामागे.

साहिलची गाणी मी लिहिते. नाव त्याचं, शब्द माझे. या धंद्यात याला घोस्टरायटिंग म्हणतात. हळदीच्या गाण्यात घरच्यांची नावं मानाप्रमाणे यावी लागतात. म्हणून मी नवरदेवाच्या आईला भेटून सगळं विचारून घेतलं होतं. मामांवर चार ओळी लिहिल्याही होत्या. साहिल स्टेजवरून उतरून टेबलापाशी आला.

"मामाच्या ओळी कुठे गेल्या?"

"ताई, त्या फास्ट होत्या. दम पुरेना. कापल्या."

"मला न विचारता?"

"आता काहीतरी कर ना. इथे नाव खराब झालं तर उरणपर्यंत कोणी बोलावणार नाही."

खरं होतं. त्याचं काम गेलं की माझंही जातं. पण त्याच ओळी आता म्हटल्या, तर मामांना त्या मागून चिकटवल्यासारख्या वाटल्या असत्या. फ्रीस्टाइलच हवं होतं. म्हणजे ठेका सुरू असताना जागच्या जागी शब्द जुळवायचे. ते मला येतं, साहिलला नाही. टेबलावर टॉकबॅक असतो. त्या माइकवर बोललेलं फक्त गायकाच्या कानात ऐकू येतं. मी सांगायचं, त्याने म्हणायचं, असं ठरलं.

ठेका सुरू झाला. नवरदेवाच्या आईने सांगितलेल्या गोष्टी मी एकेक करून साहिलच्या कानात सोडत गेले, तो म्हणत गेला.

"खाडीत पोवाया शिकवलं कोनी?"

"मामानी!" बायका ओरडल्या.

"बापाच्या मारातनं सोडवलं कोनी?"

"मामानी!"

मामा ढिम्म. मग मी म्हटलं, "आज रुसून खुर्ची अडवली कोनी?"

साहिलने वळून माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मार खायला लावतेय, असंच त्याला वाटलं असणार.

"बोल!" मी ओरडले. तो बोलला.

बायकांनी माना वळवून मामांकडे पाहिलं. नुसता ठेका वाजत राहिला. मग मामा स्वतःच खुर्चीवर चढले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "मामानी!"

हळद लागली. जेवणाच्या वेळी मामा साहिलच्या खांद्यावर हात टाकून माझ्यापाशी आले आणि माझ्याजवळची गाण्यांची वही बघून म्हणाले,

"पोरी, शिक जरा याच्याकडनं. लिवलेलं नाय, आतनं आलेलं हाय!"

साहिल ताटात बघत राहिला.

"हो मामा," मी म्हटलं. राग आला. चांगलाच आला. पण तो भाताबरोबर गिळला, कारण माझं कामच ते आहे.

तेव्हापासून माझ्या गाण्यात मामा पहिल्याच कडव्यात येतो. तिथे गायकाला दम असतो.