लाँग वेव्हवरची गल्ली

बालाघाटला मी खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी माझं आडनाव विचारलं नाही, मी मांसमच्छी खाते का ते विचारलं नाही, भेटायला कोण कोण येईल हेही विचारलं नाही. त्यांनी माझा मोबाइलचा चार्जर मागितला. मी गोंधळून पर्समधून काढून दिला. त्यांनी तो भिंतीवरच्या बोर्डात खोचला, खांद्याला लटकवलेला रेडिओ त्याच्याजवळ नेला आणि सुरू केला. तापल्या तेलात ओली मिरची पडावी तसा चर्र आवाज आला. त्यांनी मान हलवली, चार्जर काढून माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही या जी म्याडम. हा नाही येनार."

मी वर्ध्याची, बँकेत नोकरीला, बदलीवर आलेली. परक्या गावात राहायला जागा मिळत असेल तर चार्जरचं काय घेऊन बसायचं? मी तो बँकेत ठेवला आणि वरच्या मजल्यावर राहायला गेले. गल्लीत मालकांना सगळे खरखरकाका म्हणत, तोंडावरसुद्धा. काकांना ती पदवी वाटायची. परसवाड्याच्या तहसील कचेरीत बाबू म्हणून आयुष्य काढलेला हा माणूस, तिथं कुणी त्यांना नावानं ओळखत नव्हतं, आणि इथं अख्खी गल्ली त्यांना टरकून होती.

काकांच्या रेडिओला तीन पट्टे होते. मीडियम वेव्हवर नागपूर लागायचं, शॉर्ट वेव्हवर कुठलं कुठलं काहीतरी, आणि तिसरा लाँग वेव्हचा. आपल्याकडे त्या पट्ट्यावर ऐकण्यासारखं काही लागत नाही. दुसऱ्या कुणी त्याला हात लावला नसता. काकांनी मात्र तोच हेरला होता. "लाँग वेव्हवर काहीच लागत नाही," ते मला समजावून सांगत, "म्हनून तिथं आपली गल्ली लागते. कोनाचा बल्ब, कोनाचा इन्व्हर्टर, सगळं साफ ऐकू येते." संध्याकाळी नागपूरवर खरखर आली की ते काटा लाँग वेव्हवर नेत, रेडिओ छातीशी धरत आणि बाहेर पडत. ज्या दारासमोर आवाज वाढेल ते दार वाजवत.

या सगळ्याच्या मागे काकू होत्या. त्या तुमसरकडच्या, लग्न होऊन इकडे आलेल्या. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून त्यांचं जग म्हणजे स्वयंपाकघर आणि त्याच्या दाराशी टाकलेली खाट. आजूबाजूला सगळं हिंदी. मुलगा जबलपूरला, सून हिंदी बोलणारी, आणि काका तर कचेरीत राहून राहून भांडायचेसुद्धा हिंदीत. संध्याकाळचा नागपूरचा मराठी कार्यक्रम तेवढा काकूंच्या कानाला ओळखीचा. "मी हिले मराठीतून उचलून आनलं," काका एकदा म्हणाले, "तं मराठी घरात आनून देनं माहं काम आहे. ते बी साफ. खरखरीत गुंडाळलेली नाही." मी सुचवून पाहिलं की आता मोबाइलवर सगळंच ऐकता येतं. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मोबाइलातून ऐकलं तं मोबाइल बोलते जी. रेडिओतून नागपूर बोलते."

नागपूर बोलावं म्हणून घरात जी व्यवस्था होती ती देवघरालाही नसते. सगळीकडे जुने पिवळे बल्ब, त्यांचा साठा त्यांनी कुठून करून ठेवला होता कोण जाणे. रेडिओ सेलवर चालायचा, बोर्डावर कधीच नाही, कारण "तारेतून पुऱ्या मोहल्ल्याचा कचरा येते." तो भिंतीला टेकवायचा नाही, खोलीच्या मधोमध स्टुलावर ठेवायचा. मग काका त्याला इकडे वळवत, तिकडे वळवत, बसण्याआधी कुत्रं गोल फिरतं तसा फिरवत, आणि एका जागी खरखर खाली बसली की "हलू नोका" म्हणून सगळ्यांना दटावत. त्याच्याजवळ एक मोडका कॅरमबोर्ड उभा केलेला होता, चारी बाजूंनी तांब्याची तार गुंडाळलेला. त्यामुळे आवाज खरंच वाढायचा, हे मी माझ्या कानांनी ऐकलं आहे. पण काकांचं कारण वेगळं होतं. "मलाजखंडचं तांबं आहे. आपल्या जिल्ह्याचं. रेडिओले ओळखीचं वाटते." तार गोंदियाच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानातून आणलेली होती, हे काकूंनी मला आधीच सांगून ठेवलं होतं. शिवाय अंगणात अर्थिंगचा खड्डा होता, त्यात ते रोज सकाळी तुळशीला घालावं तसं तांब्याभर पाणी घालत. एकदा घाईत त्यांनी नमस्कारही केलेला मी पाहिला.

गल्लीची गुपितं रेडिओला कळत आणि रेडिओची काकांना. समोरच्या मास्तरणीनं नवऱ्याला न सांगता इंडक्शनची शेगडी घेतली, हे नवऱ्याच्या आधी काकांना ठाऊक होतं. ते कुणाला सांगत नसत, फक्त जाता येता सूचक हसत. मास्तरणीनं पुढे वर्षभर त्यांना घरची भाजी पाठवली. एक कॉलेजातला मुलगा घरी सांगायचा की मोबाइल बंद ठेवून अभ्यास करतो. काकांनी त्याच्या खिडकीखाली उभं राहून फक्त रेडिओचा आवाज मोठा केला. आतून बापाचा आवाज आला आणि मग बराच वेळ रेडिओची गरज राहिली नाही.

खरं युद्ध झालं ते कोपऱ्यावरच्या शंभूसेठशी. त्याचं मिठाईचं दुकान. त्यानं दारावर पळत्या अक्षरांचा लाल दिव्यांचा बोर्ड लावला आणि त्या दिवशी नागपूर मेलं. काकांनी रेडिओ फिरवून पाहिला, कॅरमबोर्ड फिरवून पाहिला, शेवटी जाऊन शंभूसेठलाच फिरवून पाहिलं. तो ऐकेना. वाद वाढला तसे वॉर्डाचे पार्षद, म्हणजे नगरसेवक, मध्यस्थीला आले. दोघांना आमच्या ओट्यावर बसवून म्हणाले, "छोड़ो काका, मोहल्ले की बात है. राजीनामा कर लो."

आतून खाटेवरून काकूंचा आवाज आला, "राजीनामा? तो काहून द्यायचा? यायले नोकरीवर ठेवलं कोनं?"

ओटा हसायला लागला. हिंदीत राजीनामा म्हणजे समेट, हे तिथं जन्म काढूनही काकूंच्या मराठी कानानं कधी मान्य केलं नव्हतं. पार्षदांना काहीच कळलं नाही. त्या हशात काकांनी डाव साधला. शंभूसेठच्या कानाशी वाकून म्हणाले, "सेठ, मेरे रेडियो में वो भी सुनाई देता है जो मीटर में नहीं दिखता." ही शुद्ध थाप होती. पण शंभूसेठचा चेहरा मलईबर्फीसारखा पांढरा झाला, म्हणजे थाप कुठेतरी बसली होती. त्या दिवसापासून नागपूरच्या वेळेला बोर्ड बंद राहू लागला आणि समेटाची जिलबी आमच्या घरी आली.

त्यानंतर वर्षभर नागपूर घरातल्या माणसासारखं बोललं. मग एका दिवाळीनंतर नवीनच खरखर सुरू झाली. रोज संध्याकाळी, कार्यक्रम रंगात आला की यायची आणि थोड्या वेळानं आपोआप जायची. काका रेडिओ गळ्यात घालून बाहेर पडत. गल्लीत एकेका घरातून "बंद है काका, सब बंद है" असे आवाज येत. काका परत येईपर्यंत खरखर गेलेली असायची आणि ते लढाई जिंकून आल्यासारखे ओट्यावर बसत. "कोनीतरी होता. भ्याला," एवढंच म्हणत.

अशाच एका संध्याकाळी मी विरजण मागायला खाली गेले. काका बाहेर. स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीमागून बोलण्याचा आवाज येत होता. वाकून पाहिलं तर काकू जमिनीवर बसलेल्या, पाय पसरून, हातात मोबाइल, आणि मोबाइलला वायर. जबलपूरची नात दिवाळीत आपला जुना मोबाइल आजीला देऊन गेली होती. त्याची बॅटरी बसलेली, नुसता वाजण्यापुरता जीव त्यात उरायचा, वायर लावल्याशिवाय बोलणं व्हायचं नाही. नात शिकवणीहून आली की आजीला फोन लावायची. काकू मराठीत बोलत होत्या, पोर हिंदीत उत्तर देत होती आणि काकू तेच वाक्य तिच्याकडून मराठीत म्हणवून घेत होत्या. मला पाहून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

फोन झाल्यावर म्हणाल्या, "यायले सांगू नोको बाई. मी तं रेडिओचा कवाच राजीनामा देला."

"हिंदीतला की मराठीतला?" मी विचारलं.

त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "दोनी बी समज." मग गंभीर होऊन सांगू लागल्या, "ते खताचं अन् कीडनाशकाचं किती ऐकू? मी काय धान पेरून राह्यली? पन कसं सांगू यायले? माह्यासाठी पुरी गल्ली अंधारात बसवली या मानसानं."

तेव्हापासून मी कटात सामील झाले. संध्याकाळी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी राहायची आणि काका कोपऱ्यावर वळताना दिसले की खोकायची. खाली वायर निघायची. काही आठवडे हे झकास चाललं. एकदा काका मला म्हणाले, "म्याडम, तुमचा खोकला रोज याच वक्ती काहून येते? डॉक्टरले दाखवा." मी हो म्हटलं आणि मनातल्या मनात त्यांच्या भाबडेपणाला हसले. आणखी एकदा शंभूसेठ हौसेनं त्यांच्याबरोबर शोधाला निघाला. आमच्या दाराशी येऊन तो म्हणाला, "काका, आवाज तो आपके घर की तरफ बढ़ रही है." काकांनी खटकन रेडिओ बंद केला. "सेल उतर गए," म्हणाले आणि त्याला चहाला घेऊन गेले. सेल दोन दिवसांपूर्वी मीच आणून दिले होते. तरी माझ्या डोक्यात काही प्रकाश पडला नाही.

उन्हाळ्यात काकू गेल्या. साधा ताप म्हणून दवाखान्यात नेलं आणि परत आल्याच नाहीत. माझी बदली त्याच सुमारास चंद्रपूरला झाली. तेराव्यानंतर मुलगा काकांना जबलपूरला चला म्हणाला, ते गेले नाहीत. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी खाली निरोप घ्यायला गेले. रेडिओ स्टुलावर होता. नागपूर लागलं होतं, इतकं स्वच्छ की बोलणाऱ्या बाईचा श्वास ऐकू येत होता. काहीतरी बोलायचं म्हणून मी तसं म्हटलं.

"हौ, साफ लागते आता," काका म्हणाले. "रोजच लागते." त्या स्वच्छ आवाजाचा मला एवढा राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात कोठीमागून मोबाइल वाजला. मी दचकले. काका दचकले नाहीत. उठले, सरळ कोठीमागे गेले, न पाहता हात घालून वायर काढली आणि काकूंच्या जागी जमिनीवर बसले. मी दारात उभीच राहिले.

"पुऱ्या गल्लीचे चार्जर ओळखतो मी म्याडम," वायर खोचता खोचता ते म्हणाले. "सोताच्या घरातला नसतो ओळखला का?"

"मग रोज गल्लीत का जात होता?"

"मी घरात असतो तं ती बोलली नसती. अन् मी रेडिओ घरात ठेवला असता तं खरखरीनं तिले नातीचं ऐकू नसतं आलं. म्हनून घेऊन जात होतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुमचा खोकला कामाचा होता जी. घरात कवा शिरावं ते समजे."

मला हसू आलं आणि त्याच्या पाठोपाठ रडू आलं. दोन्ही मी लपवलं नाही. बाहेरच्या खोलीत रेडिओ चर्र करायला लागला आणि नागपूर त्यात बुडालं. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही, बोट लांब धरून हिरवं बटण दाबलं.

"आबाजी," नातीचा आवाज आला, एकेक शब्द सांभाळून ठेवत, पण हेल थेट तुमसरचा. "आज जेवले का जी तुमी?"

"हौ. जेवलो ना बेटा."

"खोटं नोका बोलू. आजी म्हने, तुमी खोटं बोलले का आवाज बदलते."

काकांनी मोबाइल कोठीवर टेकवून ठेवला, "थांब," म्हणाले, आणि उठून कुकरमध्ये तांदूळ घातले.