चाचकच्या वसतिगृहात एकही पिणारा नाही

सर्बियातल्या चाचक शहरातल्या विद्यार्थी वसतिगृहात रादोयका काकू व्यसनमुक्तीचं काम बघायच्या. चारशे पोरं, आणि त्यांच्या मागे अकरा वर्षं हात धुऊन लागलेल्या एकट्या काकू. यंदा बेलग्रेडहून पत्र आलं: पाहणीत पिणारे विद्यार्थी शून्य निघाले आहेत, तेव्हा आता तुमच्या जागेची गरज उरलेली नाही.

काकूंनी कपाळावर हात मारला. दर सोमवारी गावाकडची बस यायची आणि पोरांच्या आजोबांनी पाठवलेली राकिया, म्हणजे आलुबुखाराची घरगुती दारू, बाटल्या-बाटल्यांनी उतरायची. आणि म्हणे शून्य! त्या तडक ग्वोझ्देनच्या खोलीत गेल्या. टेबलावर दोन लिटरची बाटली, शेजारी लालबुंद पोरगा.

"काय रे, दारू पीत नाही असं लिहिलंस?"

"मग? बिअर नाही, वाइन नाही, व्होडकाला तर मी शिवतही नाही."

"आणि हे काय आहे?"

"ही राकिया आहे, काकू!" तो दुखावलाच. "आजोबांनी स्वतः गाळलीय. ती दारूत कशी धरणार? ताप आला की आई हिनेच पाय चोळते."

"आत्ता पाय चोळत होतास का?"

"आतून चोळत होतो."

"अरे, माझी नोकरी जातेय. एकाने तरी 'हो' लिहा रे!"

"काकू, तुमच्यासाठी जीव देईन. पण नातू दारुडा आहे असं कळलं, तर आजोबा अंथरूण धरतील."

प्रत्येक खोलीत हेच. मुलींच्या मजल्यावर तर राकिया फक्त सर्दीसाठी होती, आणि सर्दी बारमाही होती.

शुक्रवारी सकाळी पाहणीचे कागद घेऊन बेलग्रेडचे वुकादिनोविच साहेब ग्वोझ्देनच्या खोलीत तपासणीला आले. ग्वोझ्देनने रीतसर पेला भरला, कारण पाहुण्याला कोरडं बसवायची आपल्याकडे पद्धत नाही. साहेबांनी तीन रिचवले, मिशा पुसल्या आणि शेरा लिहिला: 'मद्यपान आढळले नाही.'

"सही करा, बाई."

काकूंना रागही आला आणि रडूही. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"माझा नवरा मिलोयेसुद्धा दारू पीत नव्हता," त्या म्हणाल्या. "सकाळी उठल्यावर एक, जेवणाआधी एक. पाहुणा आला की दोन, नाही आला तर त्या दुःखात तीन. चव्वेचाळिसाव्या वर्षी गेला. यकृत पार सडलं होतं. सगळं गाव म्हणालं, समोरासमोरच्या खिडक्या उघड्या होत्या, तो आरपारचा वारा बाधला, त्यानेच गेला. मीही तेच म्हणाले. आणि मातीला आलेल्या प्रत्येकाला राकिया वाढली."

साहेबांनी चौथा पेला न पिताच खाली ठेवला.

ग्वोझ्देनने साहेबांपुढच्या गठ्ठ्यातून आपला पाहणीचा कागद ओढला, 'नाही' खोडलं आणि 'हो' लिहिलं. खालचा प्रश्न होता, आठवड्यात किती पेले? तो बोटांवर मोजू लागला. दोन्ही हातांची बोटं संपली तेव्हा तो मंगळवारपर्यंतच पोचला होता.