काजवहिनी जिना चढते

आमच्या पहिल्या फिल्ममध्ये घरी परतणारा माणूस शेवटपर्यंत दिसतच नाही. कॅमेरा बंद दारावर, आणि बाहेर जिन्यात नुसती पावलं. बघणारे म्हणतात, काय कल्पना आहे! कल्पना कसली डोंबलाची. परतणाऱ्या माणसाचं काम माझा आतेभाऊ करणार होता, आणि स्वतःच्या चेहऱ्याचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. दुसरा नट आणायची ऐपत नव्हती. फिल्म मोबाइलवर, दिवे शेजाऱ्यांचे, आवाज टिपायचं यंत्र दिवसभरापुरतं मागून आणलेलं. म्हणून ठरलं, चेहरा नको, पाय पुरेत.

तर त्याचे पायसुद्धा नाटकी निघाले. आमच्याच इमारतीच्या जिन्यात तो पुन्हा पुन्हा चढत होता, तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचं दार उघडलं.

"हा घरी चाललाय की स्टेजवर बक्षीस घ्यायला?"

दारात काजवहिनी. दुकानांसाठी घरी बसून ती शर्टांना काजं करते, बटणं लावते, म्हणून अख्ख्या इमारतीची ती काजवहिनी. नजर सुईवर, कान जिन्यावर. "वरच्या मास्तरांचा गुडघा आज धरलाय," हे मास्तरांच्या बायकोआधी हिला कळतं.

ते कान असे कशापायी लागलेत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कुणी नव्हतं. तिचा नवरा एका सकाळी कामाला म्हणून गेला तो आलाच नाही. मेला म्हणावं तर प्रेत नाही, टाकून गेला म्हणावं तर भांडण नाही. घरात आता ती आणि सासरे. सासऱ्यांची दृष्टी गेलेली. रोज दिवेलागणीला ते विचारणार, "आला का गं?" आणि ती म्हणणार, "नाही अजून." मग ते ताट तसंच पुढे सारणार.

"वहिनी, मग कसं चढतं घरी येणारं माणूस?" मी विचारलं.

ती आत गेली आणि कपड्यात गुंडाळलेल्या चपला घेऊन आली. नवऱ्याच्या. त्याचा उजवा पाय जरा आखूड होता, म्हणून त्या चपलेला जाड तळ लावून घेतलेला. त्या सकाळी तो बूट घालून गेला, चपला राहिल्या.

तिनं त्या पायात घालून पाहिल्या. होडीत उभं राहिल्यासारखी दिसायला लागली. मग पदर खोचला, पायरीवर गुडघे टेकले आणि चपला हातांत चढवल्या. मी यंत्र सुरू केलं.

ठक. सर्र. ठक. सर्र.

एक बाई गुडघ्यांवर जिना चढत होती आणि डोळे मिटले की थकलेला पुरुष घरी येत होता. आतेभावानं माझा दंड घट्ट धरला. दारापाशी पोचल्यावर चपला थांबल्या. "इथं तो किल्ली शोधायचा," ती हळूच म्हणाली. "किल्ली कायम दुसऱ्या खिशात."

आणि आतून सासऱ्यांचा आवाज आला, "आलास?"

काजवहिनी हातांत चपला तशाच घेऊन गोठली. आम्हीही. मग आतून पुन्हा, अगदी रोजच्यासारखं, "वाढ गं पोरी. भूक लागली."

तिनं चपला दाराबाहेर काढल्या आणि आत पळाली. आम्ही वर पळालो. यंत्र पायरीवरच राहिलं. बऱ्याच वेळानं आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला, फिल्म नाही की काही नाही, जिन्यात पुन्हा ठक, सर्र. तिसऱ्या दिवशीही. मी कठड्यावरून वाकले.

"वहिनी, हे काय?"

"जेवतात गं ते त्यानं."

"आणि तो कुठाय विचारलं तर?"

"सांगते, दमून आत पडलाय."

"असं किती दिवस?"

"तुझ्या सिनेमापेक्षा जास्त चालेल," ती हसली. हसताना गुडघा चोळत होती.

महिनाभर हे चाललं, आणि तिला चौकापलीकडच्या शिलाई कारखान्यातून बोलावणं आलं. मशीनवरचं काम, बांधलेला पगार, पाळी मात्र दुपारपासून रात्रीपर्यंत. सुईनं तिचे डोळे अधू व्हायला लागले होते. शेजारपाजारचे म्हणाले, आंधळ्या सासऱ्यापायी आंधळी होणार का? तिनं नकार कळवायचं ठरवलं. "दिवेलागणीला जिना कोण चढणार?"

त्याच दिवसांत मी फिल्म जोडायला बसले. कानांवर हेडफोन, तिच्या पावलांचा तो तुकडा. आम्ही पळाल्यावरही यंत्र चालूच होतं. दूरवर भांड्यांचा आवाज. मग भिंतीवरून सरकणारा हात. दार करकरलं. कुणीतरी वाकून चपला चाचपल्या, जोडीनं नीट लावल्या. आणि यंत्राच्या अगदी जवळून सासऱ्यांचा आवाज:

"पावलं त्याची. धाप तिची." काठी फरशीवर टेकली. "असू दे. तेवढंच तिला बरं वाटत असेल."

वहिनीला हे सांगावं? हा आधारही काढून घ्यावा? पण नकार ती दुसऱ्या दिवशी कळवणार होती. मी खाली हाक मारली. ती तशीच आली, चपला काखेत, जिन्याला निघालेली. मी हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

तिनं ऐकलं. "परत लाव," म्हणाली. परत ऐकलं. हेडफोन काढले, चपला मांडीवर घेऊन बसली.

"म्हणजे ते माझ्यासाठी जेवत होते," ती म्हणाली.

खोलीत अंधारून आलं होतं. दिवा लावायचं कुणाला सुचलं नाही.

ठक. सर्र.

"बंद कर ना ते."

"वहिनी, बंदच आहे."

ठक. सर्र. जिन्यातून. चपला तिच्या मांडीवर होत्या. कुणाचं पाऊल ओळखताना कधीच न चुकणारी ती बाई माझ्याकडे बघत होती आणि तिच्या ओठांवर नवऱ्याचं नाव येऊन थांबलं होतं. मग कानांनी कौल दिला असावा. चेहरा हळूहळू विझला, आणि ती धावली.

खालच्या पायऱ्यांवर सासरे होते. ठक काठीची, सर्र अनवाणी पायाची. कठडा धरून, घामानं भिजून, चढत होते.

"बाबा! पडला असता!"

"आज कुणी आलंच नाही," ते म्हणाले. "म्हटलं, तू पावलांची वाट बघत असशील."

ती त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. चपला दोघांच्या मध्ये. काठी त्यांच्या हातातून घेत म्हणाली, "बाबा, कारखान्यात जाऊ?"

"मी कधी धरून ठेवलं होतं? तूच गुडघे फोडून घेत होतीस."

आता ती रात्री परतते. सासरे दाराशी खुर्ची टाकून बसलेले असतात. एकदा मी तिच्या मागूनच चढत होते.

"मीच आहे, बाबा," ती खालूनच म्हणाली.

"ठाऊक आहे. पण प्रत्येक पायरीला वाटतं, तोच असेल. शेवटच्या पायरीला तू निघतेस."

ती थबकली. "वाईट वाटतं?"

"वाटतं," ते म्हणाले. "मग भूक लागते. चल, वाढ."