बिबट्यावरचं नाव

पन्नाशी आली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत, आणि तिचा राग सगळ्या गल्लीला तोंडपाठ होता. तिच्या खोलीचं दार आपटलं की शेजारची शिंपीण म्हणायची, "दादानं पुन्हा काहीतरी केलं वाटतं."

धाकटी चामड्यातून जंगलातली जनावरं उठवायची. चामडं भिजवायचं, पाठीमागून चमच्याच्या बुडानं दाबत एकेक स्नायू वर काढायचा, मागच्या खळग्यात चामड्याचा भुगा आणि गोंद ठासायचा, म्हणजे वर आलेला गाल परत बसत नाही. तिचं घुबड चौकटीतून अशी मान काढायचं की गिऱ्हाईक आधी दचके, मग भाव विचारी. आणि कोपऱ्यात ठसा कुणाचा? दादाचा! वडलांनी दुकान थोरल्याच्या नावावर केलं, म्हणून बावीस वर्षं पितळी ठसाही त्याचाच. त्या बाबाला सशाचा कान काढता येत नव्हता. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

या खेपेला संग्रहालयासाठी बिबट्या होता. धाकटीनं वहिनीसमोर बजावलं, "यावर माझं नाव येणार. ठसा मारायचा नाही."

"बरं बाई, तुझं तर तुझं," दादा म्हणाला.

बिबट्या उठवायला दोन महिने गेले, रंगाला अकरा दिवस. चामडं रंग पिऊन टाकतं, चुकलं तर पुसता येत नाही. म्हणून आधी फिकट पिवळा, मग तांबूस, काळे ठिपके सगळ्यात शेवटी. शेवटचा हात फिरला तेव्हा रंगानं चामडं पुन्हा ओलसर झालं होतं. अशा वेळी नख लागलं तरी जन्माची खूण राहते, आणि नाव कोरायचीही हीच वेळ. रंगानं बरबटलेल्या हातांनी कसं कोरायचं, म्हणून ती नळावर हात धुवायला गेली.

परतली, तर शेपटीच्या टोकाशी दादाचा ठसा उमटलेला आणि दादा हातोडी खाली ठेवतोय.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, लोक दुकानाचं नाव ओळखतात," दादा म्हणाला. "घरातलंच तर आहे. त्यात तुझं-माझं काय?"

"तुझं-माझं नाही? मग बावीस वर्षांत एका तरी सशावर माझं नाव दाखव!"

वहिनी धावत आली. "जाऊ दे ना धाकटे. पुढच्या वेळी बघू."

हे "पुढच्या वेळी" ऐकून ऐकून धाकटीचे कान किटले होते. तिनं सुरी उचलली. वहिनी किंचाळली, पण सुरी चौकटीतल्या चामड्याकडे गेली आणि ठशासकट कोपरा कापून मोकळी झाली. शेपटीचं टोकही त्यातच गेलं. धाकटीनं तो तुकडा दादाच्या तळहातावर ठेवला.

"घे. यात तुझं एवढंच होतं."

मग ती वाकली आणि पंजाखाली उठवलेल्या गवतात स्वतःचं नाव कोरायला लागली. रागाच्या भरात अक्षरं वाकडी येत होती. ती थांबली नाही.