दाजींनी नेलेला मुकुट

दाजी गोविंद मेस्त्री. दाजी हे त्याचं पाळण्यातलं नाव. कुडाळकडचा हा सुतार बारा वर्षं बहारीनमध्ये होता. हमद टाउनच्या निम्म्या घरांचे दरवाजे आपण बसवले, असं तो सांगे. निम्म्यांचे नसतील, पण माणूस कामाला पक्का आणि रागाला त्याहून पक्का. कुणी दुखावलं की ते त्याच्या मनात लाकडातल्या गाठीसारखं राही. रंधा कितीही मारा, जायचं नाही.

त्र्याण्णव साली मराठी मंडळानं महाराष्ट्र दिनाला शिवराज्याभिषेकाचं नाटक करायचं ठरवलं. सेक्रेटरी बाळाजी बोलण्यात पटाईत. "महाराजांचा तो मुकुट पुढे कुठे गेला, कुणालाच ठाऊक नाही. आपल्या राज्याची ती खूणच हरवली. आपण ती इथे घडवू," असं ते सभेत म्हणाले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. घडवू म्हणजे अर्थात दाजीनं घडवायचा.

दाजीनं पाच शुक्रवारच्या सुट्ट्या त्यात घातल्या. समोर कॅलेंडरवरचं चित्र होतं, पण हाताला आठवत होते ते वडील दशावतारी नटांसाठी करायचे ते मुकुट. वर्कशॉपमधलं उरलंसुरलं प्लाय, चॉकलेटचे सोनेरी कागद, मनामाच्या बाजारातले नकली मोती. खोलीतला जोडीदार सिराज रत्नागिरीचा, मंडळाच्या कार्यक्रमात माइक सांभाळणारा. तो कागद नखानं सपाट करून देई. मोबदला म्हणून दाजीनं बाळाजींकडे एकच मागितलं.

"माइकवर माझा नाव घ्या."

"घेणार म्हणजे घेणार," बाळाजी म्हणाले.

नाटकात राजाच्या डोक्यावर मुकुट चढला तेव्हा मागच्या रांगा माना उंचावून बघू लागल्या. दोन-चार बायकांनी तर हात जोडले. मग बाळाजी माइकवर आले. "हा मुकुट केलाय आमच्या दाजींनी!"

पहिल्या रांगेत बाळाजींच्या बहिणीचे यजमान बसले होते, पुण्याहून पाहुणे आलेले. बाळाजी त्यांना दाजी म्हणत, हे सगळ्या मंडळाला माहीत. अख्खा हॉल त्यांच्याकडे वळला. ते आधी गोंधळले, मग उभे राहिले आणि नमस्कार करून मोकळे झाले. शालही त्यांच्याच खांद्यावर पडली. चूक बाळाजींच्या लक्षात आली, पण भरल्या सभेत बहिणीच्या नवऱ्याला खाली बस म्हणायची छाती कुणाची असते? आणि नवा शर्ट घालून, केसांना तेल लावून खरा दाजी विंगेत उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं जाब विचारला, तर बाळाजी हसून म्हणाले, "अहो, नाव तर घेतलं ना?"

त्या हसण्यानं दाजी पेटला. आता याचं नाक कापीन तेव्हाच जेवण गोड लागेल, असं त्यानं सिराजला सांगितलं. मंडळाचं कपाट त्यानंच केलेलं होतं. पुढच्या शुक्रवारी त्यानं बिजागरीचे स्क्रू काढले, मुकुट तांदळाच्या पोत्यात घातला आणि स्क्रू परत पिळले. कुलुपाला हातसुद्धा लावला नाही. किल्ली एकट्या बाळाजींकडे असे.

पुढच्या वर्षी शिवजयंतीला कपाट उघडलं तर आत नुसतं मखमली कापड. कुलूप शाबूत. मग काय, जो तो म्हणू लागला, "दाजींनी नेला. पुण्याला पोचलासुद्धा असेल." बाळाजींना तोंड दाखवायला जागा उरली नाही. "महाराजांचा मुकुट कुठे गेला ते ठाऊक नाही, आपला मात्र ठाऊक आहे," असे टोमणे त्यांच्या समोर बसू लागले. दाजीचा जीव थंड झाला. दोन शुक्रवार त्यानं पोटभर मासे खाल्ले.

तिसऱ्या शुक्रवारी सिराज सहज हसत म्हणाला, "बघा दाजी, चोरीपण त्यांच्याच नावावर गेली."

दाजीचा घास हातातच राहिला. मुकुट त्यानं केला, मान दुसऱ्याला. मुकुट त्यानं चोरला, बोभाटाही दुसऱ्याचा.

बाळाजी राजीनामा देणार होते त्या सभेला दाजी पोतं घेऊन गेला. गप्प बसला असता तर बाळाजी कायमचे बुडत होते. बोलला तर पोलीस, व्हिसा खलास आणि परतीचं विमान. सिराजनं त्याचा दंड धरला. तो सोडवून दाजी उभा राहिला.

"दाजीनच नेल्यान," तो म्हणाला. "पण दाजी म्हणजे मिया."

कुणाला काही कळेना. दाजीनं पोत्याचं तोंड उघडलं. सोनेरी कागद चमकला तसा कुणीतरी हात पुढे केला. दाजीनं पोतं छातीशी धरलं.

"आधी लिवा. मगे माइकवर वाचा. त्याशिवाय मुकुट हातात गावाचो नाय."

बाळाजींनी खिशातलं पेन काढलं. त्यांनी सभेच्या वहीत लिहिलं आणि माइकसमोर उभे राहिले. वहीतलं वाचलं. "श्री. दाजी गोविंद मेस्त्री, सुतार, यांनी स्वतः घडवलेला मुकुट मंडळाच्या कपाटातून चोरला."

हॉलमध्ये कुजबूज सुरू झाली. पोलिसांना फोन करा, असं मागून कुणी म्हणालंसुद्धा. दाजीचं तिकडे लक्ष नव्हतं.

"परत वाचा," तो म्हणाला.

सिराजनं माइकचा आवाज वाढवला.