टावेल खांद्यावर घेतला, की उतरायचं

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. आमच्या गल्लीतले सायकलदुरुस्तीवाले त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलले, ते मला तेव्हाच कळलं होतं, आणि मी गप्प बसलो.

गल्लीची सहल गंगाखेडहून एसटीनं कोकणात निघाली होती. थांब्यावर उतरायचं की बसून राहायचं, याचा या सायकलवाल्यांचा नियम पक्का. "ड्रायव्हरनं नुसती बिडी पेटवली तर हालायचं न्हाई, मास्तर. टावेल खांद्यावर घेतला, की खुशाल उतरा!" गाडी थांबली, की सगळे आधी त्यांच्याकडे बघायचे. वाटभर ते मला विचारत होते, "समुद्राचा पल्याडचा काठ दिसतो का हो?"

एसटी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनामागे थांबली; गाडीतून समुद्र दिसत नव्हता. ड्रायव्हरनं टावेल खांद्यावर घेतला. माझ्या आईला गुडघ्यांमुळे उतरवत नव्हतं. तिच्याजवळ मी थांबायला हवं होतं. माझं तोंड बघून सायकलवाले म्हणाले, "जावा तुमी. म्या लय येळा बघितलाय समुद्र."

मी लाटांत पोरासारखा नाचलो. परतलो तर आईच्या पिशवीतल्या चिंचोक्यांचा डाव सीटवर रंगला होता.

"मास्तर, तुमची माय लय लबाड हाय!"

"हरलाव म्हणून बोंबलायलाव का?" आई डोळे पुसत हसत होती. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं.

गाडी निघाल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "खरंच खारट लागतं का पाणी?"

आई आता नाही. ते अजून पंक्चर काढतात. त्यांना समुद्र दाखवायचं माझ्याकडे राहिलंय.