खाटेला बांधलेला हात

पवनीत आमच्या घरी माग होता. हे विणायचे, मी सुताच्या कांड्या भरायची. सत्तर सालच्या सुमारास लग्न होऊन आले तेव्हापासून पाहत होते, दिवस मावळला की हे घाटावरच्या देवळामागे चिलीम ओढायला जायचे. तिथे म्हातारे विणकर, साधू, कधी ठाण्यातला शिपाईसुद्धा बसे. दिवसभर मागाच्या खड्ड्यात पाय सोडून ह्यांची कंबर धरायची. गांजाचे झुरके मारले की झोप लागते, म्हणायचे. मला ते आवडत नसे, पण हे कुणाच्या अध्यात नव्हते की मध्यात.

मग पंच्याऐंशीच्या सुमारास गांजाचा नवा, कडक कायदा आला. आम्हाला तो कळला ह्यांना धरून नेलं तेव्हा. खिशात एक पुडी सापडली होती. भंडाऱ्याच्या जेलात ठेवलं. विहिरीवरच्या बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या. सूत देणारा शेठ म्हणाला, "केस मिटू दे, मंग पाहू."

जेलात ह्यांना ताप भरला. दवाखान्यात आणल्याचं कळलं, तशी मी डबा घेऊन गेले. ह्यांचा उजवा हात हातकडीने खाटेच्या दांडीला अडकवलेला, शेजारी पहाऱ्याचा शिपाई.

"हात सोडा ना भाऊ, जेवतीन कसे?" मी शिपायाला म्हटलं.

"मले काय हौस आहे, बाई? पळाला तर माझी नोकरी जाईन."

"उठून बसता येऊन नाही राहिलं. पळतीन कुठं?"

त्याने हातकडी तशीच ठेवली. मी वरणभात कालवून ह्यांना भरवला. लग्नानंतर पहिल्यांदाच. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं बघत होती. हे हळूच म्हणाले, "तू नको येत जाऊ. लोक पाहून राहिले."

तेवढ्यात एक तरुण डॉक्टर आले. शिपायाला म्हणाले, "हा माझा पेशंट आहे. हातकडी काढा, मी लिहून देतो." शिपायाने काढली. तरी ह्यांनी हात हलवला नाही. तो तिथेच दांडीजवळ पडून राहिला.

पुढे केस रेंगाळली आणि एकदाचे हे सुटून आले. चिलीम सोडली. देवळामागे आता कुणी बसतही नव्हतं. पण झोप येईना, म्हणून दारूच्या दुकानात जाऊ लागले. ते परवान्याचं दुकान, तिथे कुणी धरत नव्हतं. परतले की उंबऱ्यावर बसायचे. मी ताट वाढून आत बसायची. बोलणं असं उरलंच नव्हतं.

काही वर्षांत दारूने पोटात पाणी झालं आणि हे गेले. मयतीला सारी गल्ली आली, विहिरीवरच्या बायकासुद्धा. मी कुणाशी बोलले नाही.